संगणक पाठ : शुद्धलेखनाची पुरवणी लिनक्सवर



गट ऑफिसातल्या जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स बसवली, की पहिली तक्रार मराठीची येते. ‘लिबरऑफिसमध्ये चुकलेल्या शब्दाखाली तांबडी रेघ यायची, आता येत नाही.’ ऊस नोंदीच्या याद्या, वारस नोंदीच्या नोटिसा, वार्षिक सभेचा अहवाल, सारं मराठीतच असतं. म्हणून आम्ही हा पाठ देत आहोत.

मराठी शुद्धलेखनाची पुरवणी म्हणजे ‘ओएक्सटी’ प्रकारची एक फाईल. ते एक गाठोडंच समजा. आत मुख्यतः दोन साध्या मजकुराच्या फाईली : एकीत शब्द, दुसरीत ‘घर’वरून ‘घराला’, ‘घरात’ ओळखता यावं यासाठी प्रत्ययांचे नियम. त्या वाचणारा ‘हन्स्पेल’ हा भाग लिबरऑफिसमध्ये दोन्हीकडे असतो. तेव्हा लिनक्ससाठी निराळी पुरवणी शोधत बसू नये. तीच फाईल पेनड्राईव्हवरून न्यावी, ‘टूल्स’मधील ‘एक्स्टेन्शन’मध्ये जाऊन ‘ॲड’ म्हणावं आणि लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडावं. ज्या पुरवणीत खास विंडोजसाठी बांधलेला प्रोग्राम असेल, ती मात्र इथं चालायची नाही.

एवढं करूनही रेघ येत नाही, तिथं बहुतेकजण अडतात. कारण भाषा नेमलेली नसते. ‘ऑप्शन्स’मधील भाषांच्या पानावर ‘वेस्टर्न’ आणि ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ असे वेगळे रकाने आहेत. देवनागरी दुसऱ्यात मोडते. मराठी तिथं निवडावी. पहिल्यात शोधून सापडत नाही.

जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईलींना मात्र ही पुरवणी उपयोगी नाही. त्यांत मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट नसला की नुसती खिचडी! असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. तीत देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या.

टायपिंगसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ ठेवणी घ्यावी. ती दोन्हीकडे मिळते, बोटांना नवी सवय लावावी लागत नाही.

आता ‘कऱ्हाडे’ आडनाव घ्या. यातला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी उमटतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त देऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. कागदावर फरक दिसत नाही, पण यंत्राच्या लेखी ती दोन नावं. एका गटानं असं आणि दुसऱ्यानं तसं लिहिलं, तर शोधताना सभासद सापडत नाही किंवा एकाच माणसाची दोन खाती दिसतात. सर्व गटांनी स्वतंत्र ‘ऱ’च वापरावा. इन्स्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’च्या कळीवर आहे, हलन्त ‘डी’वर. जुन्या याद्यांत दुसरं रूप शोधून आधी बदलून घ्यावं, मगच याद्या एकत्र कराव्यात.