चिडायला वेळ लागतो, त्यानंच ट्रकवर यावं

पोरा, चिडायला ज्याला वेळ लागतो, त्यानंच या लाइनीत यावं. स्टेअरिंग कुणीही शिकतं. न्हावा शेव्याच्या गेटबाहेर रात्रभर कंटेनर लावून ताटकळायचं, सकाळी कागद चुकला म्हणून परत फिरायचं आणि तरी दुपारी घाटात डोकं जागेवर ठेवायचं, हे थोड्यांनाच जमतं. तुला जमेल असं वाटतं, म्हणून सांगतो.

आधी घाटाचं. कसारा असो की खंबाटकी, भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरव, आणि तो गिअर उतार लागायच्या आधीच टाक. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग अजून आहेत. त्या उतारावर किती गाड्या पुढच्यांवर जाऊन आदळल्या! न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनर पकडेनासे होतात. शिवाय आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेल आपोआप बंद होतं. मग वाचवलं काय? ब्रेकही सतत दाबून धरू नकोस. दाब, वेग उतरव, सोड. हवेच्या काट्यावर नजर असू दे.

मागचा हॉर्न मारतोय? मारू दे. त्याची घाई त्याच्यापाशी.

झोपेशी मात्र मस्ती नाही. ताण सोसतो म्हणजे जागरणही सोसेल, असं मालक धरून चालतात. तू धरू नकोस. पहाटे 3 ते 5 डोळा लागतोच. चहा, तंबाखू, गाणी, सगळ्यांचा जोर घटकाभर. जांभया सुरू झाल्या की गाडी धाब्यावर किंवा पंपावर घे, रस्त्याकडेला नाही. चाकाला दगड लाव आणि पड. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला 8 तास काम आणि 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. कितीजण पाळायचे ते सोड, पण तुला ठाऊक असलेलं बरं.

पैशाची भांडणं चालत्या गाडीत फोनवर करायची नाहीत. भत्ता, टोल, माल खाली व्हायला लागलेला वेळ, सगळं वहीत लिही. सही-शिक्क्याची पोच हातात आल्याशिवाय गोदाम सोडायचं नाही.

ट्रकचा परवाना वयाची 20 वर्षं झाल्यावरच, तोही हलक्या गाडीचा परवाना वर्षभर जुना असेल तर. तेव्हा हलक्या गाडीचा अर्ज याच महिन्यात भर. आणि आरटीओत परीक्षा स्वतः दे, एजंटाच्या नादी लागू नकोस.