नाकातील न्यूमोकोकस : लस आणि प्रतिजैविके

निरोगी दिसणाऱ्या, अंगणात खेळणाऱ्या बालकाच्या नाकाच्या मागील भागात न्यूमोकोकस हा जिवाणू आढळणे ही असाधारण गोष्ट नव्हे. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर व अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधून काढलेला हा जिवाणू बहुधा काही आठवडे तेथे निरुपद्रवीपणे वास्तव्य करतो आणि नाहीसा होतो. अशा बालकास त्याचा वाहक म्हणतात. मात्र तेथून तो कानात शिरला तर कान फुटतो, फुफ्फुसात उतरला तर न्यूमोनिया होतो, रक्तावाटे मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला तर मेंदूज्वर होतो. घरातील वृद्धांना त्याची बाधा होते तीही पुष्कळदा नातवंडांच्या शिंकाखोकल्यातूनच.

प्रतिजैविकांना दाद न देण्याची शक्तीही त्याला मुख्यतः नाकातच प्राप्त होते. साधी सर्दी विषाणूंमुळे होते व तिच्यावर प्रतिजैविकाचा काही उपयोग नसतो. तरीही ते दिले गेले, तर नाकातील दुबळे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात. शिवाय शेजारच्या जिवाणूंच्या जनुकांचे तुकडे आत्मसात करण्याची विलक्षण क्षमता न्यूमोकोकसमध्ये आहे. १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या न्यूमोकोकसचे गंभीर रुग्ण आढळले. त्याच सुमारास जोहान्सबर्ग येथे एकाच वेळी अनेक औषधांना पुरून उरणारे जिवाणू सापडले.

या जिवाणूभोवती शर्करायुक्त कवच असते आणि कवचाच्या भेदानुसार त्याचे १०० हून अधिक प्रकार होतात. केवळ कवचापासून केलेली जुनी लस दोन वर्षांखालील बालकांत प्रभावी ठरत नसे. कवचाला प्रथिनाची जोड दिल्यावर ही अडचण दूर झाली. अशी सात प्रकारांविरुद्धची लस अमेरिकेत २००० पासून दिली जाऊ लागली. हे सात प्रकार बालकांच्या नाकात वारंवार आढळणारे, म्हणून औषधांशी वारंवार गाठ पडलेले आणि म्हणूनच प्रतिरोधी बनलेले होते. परिणामी २००४ पर्यंत पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या गंभीर आजारांचे प्रमाण तेथे निम्म्याहून खाली आले. लस न घेतलेल्या वृद्धांनाही त्याचा लाभ झाला.

पण नाकातील जागा रिकामी राहिली नाही. लसीत नसलेल्या प्रकारांनी ती व्यापली. वाहक बालकांची एकूण संख्या फारशी घटली नाही. वाहिले जाणारे जिवाणू तेवढे बदलले. त्यातील १९-ए हा प्रकार अनेक औषधांना प्रतिरोधी निघाला व २०१० मध्ये तेरा प्रकारांची लस आणून त्याला आवर घालावा लागला. या वाढीचा सारा दोष लसीकडे मात्र देता येत नाही. दक्षिण कोरिया व इस्राएलमध्ये ही लस सार्वत्रिक होण्यापूर्वीच १९-ए वाढू लागला होता. प्रतिजैविकांच्या मुक्त वापराने त्याला मोकळे रान मिळाले, असेच यावरून दिसते.

भारतात ही लस २०१७ पासून काही राज्यांत व २०२१ मध्ये देशभर सार्वत्रिक लसीकरणात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या दहा प्रकारांच्या लसीत १९-ए चा समावेश आहे. मात्रा ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने या वयात द्यावयाच्या असतात. पहिल्या दोन वेळेवर घेऊन तिसरीकडे दुर्लक्ष करणारी कुटुंबे गावोगाव असतात. वस्तुतः नाकातील वाहकावस्थेला पायबंद घालण्यात या वर्धक मात्रेचा वाटा मोठा आहे. गोवर-रुबेला लसीच्या भेटीतच ती दिली जात असल्याने वेगळी खेप पडत नाही. अंगणवाडी सेविकेने लसीकरण पत्रावरील हा रकाना आवर्जून पाहावा.

तीनही मात्रा घेतलेल्या बालकालाही सर्दी होणारच, आणि त्याच्या नाकात लसीबाहेरचे प्रकार असूही शकतात. जलद श्वास, छाती आत ओढली जाणे, दूध न पिणे ही लक्षणे दिसताच त्याला विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे; तेथे प्रतिजैविक हेच जीवरक्षक औषध ठरते. नुसत्या वाहत्या नाकासाठी मात्र थोरल्या भावाच्या आजारपणात उरलेली बाटली काढून दोन चमचे पाजणे, हा अनेक घरांतील प्रघात त्या लसीचे काम अवघड करून ठेवतो.