कॅमेरा लावण्याआधी आईला विचार

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, गावच्या घरी कॅमेरा लावून टाकते, म्हणजे इथून आई-बाबा डोळ्यांसमोर राहतील." मी हो म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यापासून तेच मनात घोळतंय. म्हणून आज निवांत बोलते. तुझी काळजी मला कळते. कॅमेरा लावूच नकोस, असंही मी म्हणत नाही. पण इंटरनेटला जोडलेली वस्तू आणायची म्हणजे घरात एक नवा माणूस ठेवायचा, असं समज. कामाला मावशी ठेवताना आपण चार घरी चौकशी करतो. तशी हिचीही करायची.

बाबांच्या विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर आठव. शेतीची लाईट एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. पूर्वी बाबा रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचे आणि आई सापाकिरड्याच्या भीतीनं जागी बसायची. आता स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड आहे. बाबा अंथरुणातून फोन लावतात आणि मोटर सुरू होते. तिन्ही फेज नसले किंवा विहिरीतलं पाणी खाली गेलं, तर पेटी मोटर बंद करते आणि बाबांना कळवते. दारं धरायला अजून जावंच लागतं, पण नुसतं बटण दाबायला रात्रीची पायपीट उरली नाही.

ज्याला लोक 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' म्हणतात, ते मुळात एवढंच आहे. वस्तूला काहीतरी जाणवतं, म्हणजे तिच्यात सेन्सर असतो. जाणवलेलं ती दुसरीकडे कळवते. तिकडून आलेला हुकूम पाळते. हे नाव केव्हिन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये दिलं. ते तेव्हा प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत होते. लिपस्टिकची एक छटा दुकानाच्या फळीवरून सारखी संपायची आणि कंपनीला पत्ता नसायचा. मालाला रेडिओ चिप लावली तर माल स्वतःच सांगेल, असं त्यांच्या मनात आलं. तुझ्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग त्याच जातीचा. त्यात बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवरच तो जागा होतो आणि आपला नंबर सांगतो.

आता तुझ्या कॅमेऱ्याकडे येऊ. गावचा कॅमेरा आणि तुझा फोन यांच्यात सरळ तार नाही. घरच्या वायफायवरून चित्र बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून तुझ्या फोनवर येतं. तो सर्व्हर कुठल्या गावी, कुठल्या देशात आहे, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून तीन गोष्टी विचारून घे.

पहिली, किल्ली कोणाकडे? हे मी चुकून शिकले. माझी लेक लहान असताना हॉलमध्ये कॅमेरा बसवला. बसवणाऱ्या मुलानं त्याच्याच मोबाईल नंबरवर खातं उघडलं आणि मला नुसतं बघायला जोडून दिलं. तो भला मुलगा होता, त्यानं काही केलं नाही. पण वर्षभर माझ्या घराची खरी किल्ली त्याच्या खिशात होती. कळलं तेव्हा पोटात गोळा आला. तू खातं स्वतःच्या नंबरवर उघड. डब्यासोबत आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदल. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामनं कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याच फौजेनं साइट्सचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास अडल्या. घरोघरचे कॅमेरे त्या हल्ल्यात राबले आणि मालकांना त्याची खबरही नव्हती. ब्रिटननं २९ एप्रिल २०२४ पासून असे सगळ्यांना सारखे, सहज ओळखता येणारे पासवर्ड कायद्यानंच बंद केले.

दुसरी, वस्तू किती दिवस सांभाळली जाणार? ॲपला अपडेट मिळतात का, किती वर्षं मिळतील, हे दुकानात विचार. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाचं घरातले दिवे-कुलपं चालवणारं सुमारे ३०० डॉलरचं यंत्र होतं. नेस्ट कंपनीनं ते विकत घेतलं आणि २०१६ च्या मे महिन्यात त्याची सेवा बंद केली. यंत्र धडधाकट होतं, पण पलीकडून उत्तर देणारं कोणी राहिलं नाही, म्हणून ते निकामी झालं. तेव्हा मेमरी कार्डवर घरातच साठवण करणारा कॅमेरा मिळाला तर तो बघ.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याला विचारलंय का? केंब्रिज विद्यापीठातल्या संगणकवाल्यांनी १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला होता, भांडं रिकामं असताना उगाच जिने चढायला नकोत म्हणून. पुढे सगळं जग ते भांडं बघायचं. भांड्याला कशाची लाज? पण आपली आई दुपारी सोप्यात पदर बाजूला टाकून आडवी होते. शेजारच्या काकू तिच्यापाशी येऊन सुनेचं, लेकाचं मन मोकळं करतात. डोक्यावर कॅमेरा आहे म्हटल्यावर काकू यायच्या बंद होतील आणि आई स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी बसेल. तुझी काळजी मिटेल, पण तिचं घर जाईल.

म्हणून माझं ऐक. कॅमेरा लावायचाच तर दारावर आणि अंगणाकडे तोंड करून लाव. आवाज टिपणं बंद ठेव. सोपा, स्वयंपाकघर, झोपायची खोली यांना हात लावू नकोस. आईच्या विसरभोळेपणाची धास्ती असेल तर गॅसगळतीचा अलार्म बसव. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायला सांग. असा अलार्म आईला वाचवतो आणि तिच्याकडे बघत मात्र नाही.

बाबांचा स्टार्टर त्यांना का आवडतो, सांगू? तो बाबांनी मागितला होता आणि त्याचा फोन बाबांच्याच हातात आहे. आईच्या वाट्यालाही तेवढा मान येऊ दे. या रविवारी गावी जाशील तेव्हा खोका पिशवीतच ठेव. आधी चहा घे, तिच्याजवळ बस आणि विचार, "आई, लावू का गं?" ती नको म्हणाली, तर खोका परत आण आणि रोज संध्याकाळी तिला फोन कर.