माझे मी करीन

शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील, म्हणजे साधारणपणे दोन ते सहा वर्षांच्या मुलांचे स्वावलंबन कसे वाढते, याचा विचार या पाठात केला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी किंवा शेजारी या वयाचे मूल असेल. पाठ वाचताना ते डोळ्यांसमोर ठेवावे.

मूल बोलू लागले, की दोन-अडीच वर्षांच्या सुमारास त्याच्या तोंडी एक शब्द वारंवार येतो : 'मी'. भरवायला घास उचलला, की 'मी'. पायात चप्पल घालायला आपण वाकलो, की 'मी'. मोठ्यांना हा हट्ट वाटतो, कारण हा शब्द नेमका घाईच्या वेळी ऐकू येतो. मुलाच्या बाजूने पाहिले, तर मात्र हट्टाचे रूप बदलते. जे हात कालपर्यंत दुसऱ्यावर अवलंबून होते, त्यांना आता काम जमू लागले आहे. आणि जमू लागलेली गोष्ट पुन्हापुन्हा करून पाहिल्यावाचून त्याला राहवत नाही.

'स्वतंत्र' हा शब्द आपण देशाच्या संदर्भात नेहमी वापरतो. 'स्व' म्हणजे आपला आणि 'तंत्र' म्हणजे येथे नियमन. ज्याचा कारभार त्याच्याच हाती आहे, तो स्वतंत्र. ज्याचा दुसऱ्याच्या हाती, तो परतंत्र. लहान मुलाचा कारभार तो केवढा? सदऱ्याच्या गुंड्या, पाण्याचा पेला, सांडलेले दाणे वेचणे. पण त्याच्या वयाला तो मोठाच आहे.

हा कारभार एकदम हाती येत नाही. अंगातले कपडे काढणे आधी जमते, घालणे नंतर. मोठी गुंडी आधी लागते, बारीक गुंडी बोटांची पकड पक्की झाल्यावर. म्हणून काम सोपे करून द्यावे लागते. चड्डी गुडघ्यांपर्यंत आपण चढवावी आणि वर ओढण्याचे शेवटचे काम मुलाकडे ठेवावे. काम पुरे केल्याचा आनंद त्याला मिळतो. मग हळूहळू आधीचे टप्पेही त्याच्याकडे सोपवावेत. 'कोणता सदरा घालशील?' असे विचारल्यास ते गोंधळते. 'लाल की निळा?' असे विचारल्यास निवड करू शकते. विहीर, रस्ता आणि चूल यांबाबत मात्र निवड नसते. तेथे मोठ्यांनीच ठाम राहावे लागते, आणि अशी ठाम सीमा असेल, तर तिच्या आत मूल अधिक निर्धास्तपणे वावरते.

स्वयंपाकघरात मूल आले, की आपण म्हणतो, 'लुडबुड करू नकोस.' खरे तर मटार सोलणे, मेथीची पाने खुडणे, कणकेच्या छोट्या गोळ्याची वेडीवाकडी पोळी लाटणे, यांतून त्याच्या बोटांना जे शिक्षण मिळते, त्यासाठी विकतची खेळणी लागत नाहीत. लागतो तो मोठ्यांचा वेळ. सदरा आपण घातला, तर अर्धे मिनिट. त्याने घातला, तर पाच मिनिटे. ही जास्तीची साडेचार मिनिटे द्यायची कोणी, हाच खरा प्रश्न आहे.

मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत बालगृह उघडले. तेथे खुर्च्या, टेबले मुलांच्या उंचीची केली आणि गुंड्या लावण्याच्या, नाडी बांधण्याच्या सरावासाठी चौकटी तयार केल्या. मुलाला मदत करण्यापेक्षा त्याच्याभोवतीचे जग त्याच्या मापाचे करावे, असा हा विचार होता. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरमध्ये बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथेच त्यांच्या सहकारी झाल्या.

शहरातील बालमंदिरे खर्चाची होती. १९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि 'अंगणवाडी' ही कल्पना रुजली. महागड्या साहित्याची जागा पाने, बिया, शंख-शिंपले आणि माती यांनी घेतली. हात-तोंड धुणे, केस विंचरणे, नखे कापणे हेही तेथे शिक्षणच होते. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले.

बोर्डीनंतर हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. तेथे त्या साडेचार मिनिटांच्या प्रश्नाला वेगळेच वळण लागले. आईवडील पहाटेच कामाला जात. धाकट्याला भरवणे, धुणे, कडेवर घेऊन हिंडणे हे सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे येई. ती शाळेत जाणार कशी? धाकटा जोवर तिच्या कडेवर, तोवर दोघांचेही शिक्षण अडलेले. म्हणून कोसबाडच्या 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणण्यात आली. अगदी लहान मूल पाळणाघरात राही, त्याहून मोठे बालवाडीत हात धुवायला, आपले ताट उचलायला शिके, आणि कडेवरचे ओझे उतरलेली बहीण त्याच आवारात आपल्या वर्गात जाऊन बसे.

विचार करा व लिहा

१. 'लुडबुड' या शब्दातून मोठ्यांची कोणती दृष्टी दिसते?
२. आपल्या घरातील कोणती एक वस्तू किंवा सोय लहान मुलाच्या मापाची करता येईल? कशी, ते पाच-सहा ओळींत लिहा.
३. धाकट्या भावंडाच्या स्वावलंबनाचा मोठ्या बहिणीच्या शिक्षणाशी काय संबंध आहे?