शिवलकरांचा टप्पा



क्रिकेट म्हटले की आपण सगळे आधी बॅट मागतो. तासभर चेंडू टाकायला कोण तयार होते? म्हणून या वेळी मी चेंडू टाकणाऱ्या एका मोठ्या खेळाडूची माहिती लिहिली आहे. त्यांचे नाव पद्माकर शिवलकर.

शिवलकरांचा जन्म 1940 सालचा. आपण भाईंदरहून लोकलने दादरला उतरलो की शिवाजी पार्कचे मैदान चालत जाण्याइतके जवळ आहे. त्याच मैदानावरचे हे खेळाडू. ते मुंबईच्या रणजी संघातून खेळत आणि डाव्या हाताने फिरकी टाकत.

फिरकी म्हणजे काय? बोटांनी चेंडूला पीळ द्यायचा, म्हणजे टप्पा पडल्यावर तो वळतो. पण नुसता वळून भागत नाही. टप्पा आखूड पडला तर फलंदाज मागे सरकून मारतो. फार पुढे पडला तरीही मारतो. शिवलकरांचा चेंडू षटकामागून षटक नेमक्या जागी पडे. फलंदाजाला धावा मिळेनात, मग तो उतावळा व्हायचा आणि फसायचा!

आता आकडे पाहू. प्रथम श्रेणीचे 124 सामने, 589 बळी. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला त्यांनी तामिळनाडूचे 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 बळी घेतले. म्हणजे 34 धावांत 13 बळी! तामिळनाडूचे डाव 80 आणि 61 धावांत आटोपले. मुंबईचे ते ओळीने 15 वे विजेतेपद.

एवढे असूनही ते भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. त्याच काळात बिशनसिंग बेदी हे तसेच डावखुरे फिरकी गोलंदाज होते. त्यांनी 67 कसोटींत 266 बळी घेतले. जागा एक आणि माणसे दोन. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचेही असेच झाले.

कुणी म्हणेल, मग ते मोठे कसे? मला वाटते, निवड दुसऱ्यांच्या हातात असते, टप्पा आपल्या हातात. शिवलकरांनी आपल्या हातातले काम सोडले नाही. वयाची 45 वर्षे उलटल्यावरही, 1987-88 साली, ते मुंबईकडून पुन्हा खेळले. सुनील गावसकरांनी 1983 सालच्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात त्यांच्यावर लिहिले. क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मात्र 2017 साली मिळाला. 3 मार्च 2025 रोजी ते वारले. आपल्यापैकी कितीजणांना त्यांचे नाव ठाऊक होते?

करून पाहा :
1) 589 ला 124 ने भागा. एका सामन्यात साधारण किती बळी आले?
2) मैदानात खडूने वहीएवढा चौकोन आखा. लांबून 12 चेंडू टाका. किती चौकोनात पडले ते लिहून ठेवा. रोज मोजा.