गिअरबॉक्स उतरवण्याआधी

उदगीर

चि. बाळूस,


ताईचा फोन आला होता. तुझ्या गॅरेजात बोलेरो उभी आहे, गिअर पडत नाही, आणि तू उद्या सकाळी गिअरबॉक्स उतरवायला घेणार आहेस, असं तिच्याकडून कळलं. बाळू, जरा थांब. क्लचप्लेट गेली असेलही, पण ते ठरवायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत गाडी उभी राहिली की मालकाची रोजची कमाई बुडते. त्यातून तू प्लेट बदललीस आणि गिअर तरीही पडला नाही, तर तो माणूस पुन्हा तुझ्या जनवाड्यात थांबणार नाही, सरळ बीदर गाठेल.

आधी मालकाला बोलू दे. तो कानडीत सांगो, मराठीत सांगो की दखनीत, मध्येच तोडू नकोस. मग एवढंच विचार: हे एकदम झालं की हळूहळू? सकाळी थंड इंजिनावर होतं की दुपारी तापल्यावर? पेडल चार वेळा भराभर मारलं तर गिअर पडतो का? क्लचच्या ऑइलच्या डबीत अलीकडे ऑइल कुणी टाकलं, आणि कोणतं? या उत्तरांत निम्मं निदान असतं.

क्लचची तक्रार मुळात दोन तऱ्हांची असते आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. क्लच घसरतो तेव्हा इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, चढावर जळका वास येतो. क्लच सुटत नाही तेव्हा पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना धरून राहतात. रिव्हर्स टाकताना दात खरडतात, आणि इंजिन बंद केलं की तोच गिअर अलगद पडतो. घसरत असेल तर पहिला संशय प्लेटवर घे. सुटत नसेल तर आधी ऑइलच्या वाटेवर. तुझी बोलेरो दुसऱ्या तऱ्हेची दिसते.

मारुती ८०० मध्ये क्लचला केबल होती. ती तुटली की डोळ्यांना दिसायची. इथे केबलच्या जागी ऑइल आहे. बंद भांड्यातल्या द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम तू आयटीआयला पाठ केलास, आता तो मिलिमीटरमध्ये मोजून बघ. समज, पेडलकडच्या मास्टर सिलिंडरचा बोअर १६ मिमी आहे आणि गिअरबॉक्सकडच्या स्लेव्हचा १९. मास्टरचा पिस्टन ३० मिमी सरकला तर स्लेव्हचा जेमतेम २१ सरकतो. जोर वाढतो, चाल घटते. त्या २१ मधले चार-पाच मिमी वाटेतल्या हवेने किंवा गळतीने खाल्ले, की प्लेट फ्लायव्हीलपासून पुरती सुटत नाही. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. लाइनमध्ये हवा शिरली की पेडल पिचपिचीत लागतं ते म्हणूनच.

नौबादच्या सुरंगबावीत, त्या भुयारी पाटात, पाणी कुठे अडलं ते वरून कळत नाही, उभ्या विहिरींतून एकेक टप्पा पाहावा लागतो. इथेही वरून खाली तसंच जा. डबीतली पातळी आणि रंग बघ. ऑइल काळं पडलं असेल तर सिलांचं रबर झिजतंय. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते. तिथे क्लचची नळी मुद्दाम वरच्या अंगाला काढलेली असते, म्हणजे क्लचचं ऑइल गळून गेलं तरी ब्रेकपुरतं तळाशी उरतं. अशा गाडीत पातळी उतरलेली दिसली तर ब्रेकचे पॅडही तपास.

मग पेडलजवळ वाकून मास्टरच्या दांड्यावरचं रबरी बूट चिमटीत धरून बघ. आत ओल आहे का? गालिचा भिजलाय का? तिथून पाइपावर बोट फिरवत खाली ये. गाडीखाली जाताना जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, लोखंडी घोडी लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही. स्लेव्हचं बूट जरा मागे सार. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात तिथे थापून बसते आणि सील कापते. बूट उघडताच ऑइल ओघळलं तर चोर सापडला.

बेल हाउसिंगच्या तळाला थेंब लोंबत असेल तर तो कशाचा हे अंदाजाने ठरवू नकोस. वाटीत पाणी घे आणि थेंब त्यात सोड. क्लचमध्ये असतं ते ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल वर तरंगतं. इंजिन ऑइल निघालं तर गळती क्रँकच्या मागच्या सिलाची, आणि मग गोष्टच वेगळी.

कुठेच ओल नाही, डबी भरलेली, तरीही गिअर पडत नाही, तर पोऱ्याला पेडलवर बसव आणि तू स्लेव्हच्या दांड्याजवळ पट्टी धर. हा तपास मी सगळ्यात मोलाचा मानतो. दांडा पूर्ण चाल घेतोय आणि तरी गिअर खरडतोय, तर ऑइलचा दोष नाही: काटा, बेअरिंग, प्रेशरप्लेट, नाहीतर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीत गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली प्लेट. तेव्हा खुशाल गिअरबॉक्स उतरव. दांडा कमी सरकतोय, तर गिअरबॉक्सला हात लावू नकोस. आणि पेडल दाबून धरल्यावर दांडा हळूहळू मागे येतोय, बाहेर मात्र थेंब नाही, तर मास्टरच्या आतलं सील ऑइल मागे सोडतंय. अशा वेळी लोक स्लेव्ह बदलतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभे असतात.

काही नव्या गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या पोटात बेअरिंगशी एकत्र असतो, तिथे पट्टी पोचत नाही. त्यांच्या रबरी होजला क्लॅम्प लाव. पेडल दगडासारखं घट्ट झालं तर मास्टर ठीक, दोष खाली. तरीही बसत गेलं तर मास्टर. प्लॅस्टिकच्या पाइपाला क्लॅम्प लावायचा नाही, तो चिरतो.

दुरुस्तीत सिलिंडरच्या बोअरवरून नख फिरव. नख अडलं तर नुसती सिलांची किट टाकून भागणार नाही, सिलिंडरच बदल, आणि तसं मालकाला आधी सांग. गुळगुळीत असेल तर किट पुरते. पण सुटे भाग डिझेल-पेट्रोलमध्ये धुवायचे नाहीत. आपल्या भागात सर्रास धुतात आणि नवं सील काही दिवसांत फुगून बसतं. धुवायला ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट घे. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलं असेल तेच टाक, आणि नव्या सीलबंद बाटलीतलं. हे ऑइल हवेतली ओल ओढतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हद्द १४० वर येते. मग इंजिनाच्या तापाने दुपारी पेडल बसतं आणि सकाळी गाडी ठणठणीत असते. ऑइल पत्र्यावर सांडलं तर लगेच पाणी ओत, नाहीतर रंग सोलून निघेल.

हवा काढताना घाई करू नकोस. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लाव, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडव. पोऱ्याने पेडल दाबून धरायचं, तू निपल सैल करायचा, बुडबुडे निघाले की आवळायचा, आणि मगच त्याने पाय उचलायचा. डबी मधेमधे भरत राहा. ती रिकामी झाली तर हवा पुन्हा वरून शिरते. स्लेव्ह सुटा असताना मात्र पेडल कुणी दाबायचं नाही, पिस्टन बाहेर उडतो.

शेवटी पेडलचा दांडा आणि मास्टरच्या पिस्टनमधली फट तपास. साधारण एक मिलिमीटर लागते, पण गाडीच्या पुस्तकात असेल तेवढीच ठेव. फट नसेल तर पिस्टन पुरता मागे येत नाही, डबीकडचं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि दाब आत अडकतो. क्लच किंचित दबलेलाच राहतो, घसरतो, आणि नवी प्लेट जळते. वरवर पाहणाऱ्याला प्लेटचाच दोष दिसतो. नांदेडकडून बीदरच्या नानक झिरा गुरुद्वाऱ्याला चाललेली एखादी गाडी जळक्या वासाची तक्रार घेऊन तुझ्याकडे थांबली, तर तिच्यातही आधी हीच फट बघ.

उद्या पट्टी धरून दांड्याची चाल मोज आणि आकडा मला फोनवर सांग. मास्टर निघाला तर किट मी इथून बसने पाठवतो. जुनी सिलं फेकू नकोस, कोणत्या बाजूने झिजली आहेत ते मला बघायचं आहे. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा