कार्ड गेलं, असं म्हणण्याआधी

‘कार्ड उडालंय दादा, नवीनच टाका’ हा निकाल माझ्या एकाच ग्राफिक्स कार्डाबद्दल मी दोनदा ऐकला. पहिल्यांदा तो साफ चुकीचा निघाला, दुसऱ्यांदा खरा. या दोन निकालांच्या मधल्या काळात ते कार्ड माझ्याकडे बिनतक्रार राबत होतं. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा आहे. माझ्यासारखे अल्बम डिझायनर, घरांचे थ्रीडी नकाशे काढणारे, आर्किटेक्ट, असे कितीतरी लोक आज तालुक्याच्या गावी बसून एकाच डेस्कटॉपवर पोट भरतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. बऱ्यापैकी कार्ड घ्यायचं तर तीस-चाळीस हजार सहज जातात. रोग ओळखायला मात्र पैसे लागत नाहीत. एका क्रमाने तपासत गेलं की झालं.

पहिला बिघाड ऐन लग्नसराईत झाला. एक्स्पोर्ट लावला की मध्येच स्क्रीन काळी व्हायची आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ यायचं. कॉम्प्युटर मात्र बंद पडत नव्हता. कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगाने घोंगावू लागायचे, आणि टाइमलाइन प्ले करताना असं झालं तर स्पीकरमधून सनई चालूच राहायची. बटण दाबून बंद-चालू केलं की सगळं पूर्ववत. मेल, टायपिंग, गाणी यांना दिवसभर काहीच होत नसे. दुकानदाराने आधी विंडोज नव्याने टाकून दिलं. फरक पडला नाही, तेव्हा वरचा निकाल सुनावला. डिलिव्हरी तोंडावर आल्या होत्या, म्हणून नवीन कार्ड घेतलं. संध्याकाळी एक्स्पोर्ट लावला, आणि नव्या कोऱ्या कार्डावर तीच काळी स्क्रीन, तोच पंख्यांचा आवाज.

आता जुन्या कार्डावरचा आळ टिकत नव्हता. ते भाच्याच्या कॉम्प्युटरला लावलं. रात्रभर गेम खेळूनही त्याच्याकडे काही झालं नाही. मग माझं कॅबिनेट उघडून मी वायरींकडे वळलो.

एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, कार्डाकडे एकच वायर आली होती आणि तिलाच पुढे दोन तोंडं होती. कार्डाला आठ पिनांचे दोन सॉकेट, त्यांत ही दोन्ही तोंडं खोचलेली. एक तोंड सहज निघालं, दुसरं चिकटल्यासारखं घट्ट बसलं होतं. ते निघाल्यावर टॉर्चच्या उजेडात धरलं. आठ भोकांपैकी एकाची कड मऊ होऊन आत वळली होती. त्या भोकातली धातूची क्लिप काळी पडली होती, बाकीच्या सात चमकत होत्या. नाकाशी नेलं तर जळक्या प्लॅस्टिकचा वास.

यामागचं गणित साधं आहे. कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या तोंडातून ७५ आणि आठ पिनांच्या तोंडातून १५० वॅट मिळावेत, असं ठरलेलं आहे. १२ व्होल्टवर १५० वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर, आणि आठ पिनांपैकी १२ व्होल्टच्या पिना फक्त तीन. बाकीच्या ग्राउंडच्या आणि खुणेच्या (सेन्स). एक पिन जरी सैल असली तरी ती तापते आणि उरलेल्या दोघींवर जादा भार येतो. त्यात एकाच वायरीवर दोन्ही तोंडं असली की सगळा प्रवाह एसएमपीएसकडून आलेल्या त्याच मोजक्या तारांमधून जातो. मेल वाचताना कार्ड जेमतेम वीस-तीस वॅट घेतं, तेव्हा काही कळत नाही. एक्स्पोर्टला ते दोनशेच्या पुढे गेलं की व्होल्टेज पडतं आणि कार्ड जागेवर बंद होतं. म्हणून दोन सॉकेट असलेल्या कार्डाला एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र वायरी आणा. मी नवा, चांगल्या प्रतीचा एसएमपीएस बसवला, दोन वायरी वेगळ्या लावल्या आणि तो बिघाड कायमचा गेला. जुनं कार्ड माझ्या दुसऱ्या मशीनमध्ये घातलं. एसएमपीएस मात्र कोणीही घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार राहू शकतो.

या प्रकरणात विंडोजच्या नोंदींनीही गोंधळ घातला होता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल पॉवर ४१’ अशी लाल नोंद दिसते आणि ती पाहून कोणी म्हणतं एसएमपीएस, कोणी म्हणतं कार्ड. तिचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद झालं नाही. आपण स्वतः बटण दाबून धरून बंद केलं तरी ती पडते. ‘४१०१’ ही नोंद जास्त कामाची. कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं, त्याची ती नोंद. ती महिन्यात एखादी दिसली तर सोडून द्या. रोज दिसायला लागली आणि त्या वेळी तुम्ही नेमकं जड कामच करत असाल, तर वीज, उष्णता, ड्रायव्हर आणि कार्ड हे चारही संशयित धरा. दाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांना ‘जीपीयू मेमरी फुल’ असा संदेश येतो, तो यात मोजू नका. तिथे कार्ड ठणठणीत असतं, फुटेज त्याच्या मेमरीला झेपत नाही इतकंच. टाइमलाइनचं रिझोल्यूशन कमी केलं की काम पुढे सरकतं.

पुढे त्याच जुन्या कार्डाचं खरं आजारपण आलं, आणि ते अगदी वेगळं दिसत होतं. कॉम्प्युटर चालू करताच, विंडोज यायच्या आधी, बोर्डाच्या कंपनीचं नाव झळकतं त्याच पडद्यावर गुलाबी-हिरव्या बारीक चौकटींची नक्षी उमटली. बायोसमध्ये गेलो तर तिथेही अक्षरांच्या मधून तेच ठिपके, ठरावीक अंतरावर, उभ्या रांगांत. विंडोज कसंबसं उघडायचं, पण अक्षरं मोठी आणि चित्र बटबटीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळं चिन्ह आणि ‘कोड ४३’. ड्रायव्हर टाकायला गेलं की अर्ध्यावर स्क्रीन काळी.

हा फरक ध्यानात ठेवा, कारण पुष्कळसं निदान यातच होतं. बायोसच्या पडद्यावर विंडोजचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो. तिथेच नक्षी दिसत असेल तर फॉरमॅट मारणं, ड्रायव्हर बदलणं हे सगळं वाया. दोष कार्डात, मॉनिटरमध्ये किंवा मधल्या केबलमध्ये. मग केबल बदला, मॉनिटर बदला, घरातल्या टीव्हीलाही जोडून पाहता येतं. आणखी एक फुकटची कसोटी आहे. विंडोज उघडत असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाइलवर पाहा. स्क्रीनशॉटमध्येही ठिपके आले तर चित्र कार्डातच बिघडतंय. स्क्रीनशॉट स्वच्छ निघाला तर बहुतेक वेळा केबल किंवा मॉनिटर दोषी. माझ्या स्क्रीनशॉटमध्ये ठिपके होते. बायोसपासूनची नक्षी, कोड ४३ आणि ड्रायव्हर टाकला की काळोख, हे तिन्ही एकत्र दिसलं की कार्डावरची मेमरी किंवा मुख्य चिप गेली असं समजायला हरकत नाही. भाच्याच्या मशीनवरही तीच नक्षी आली आणि विषय संपला.

अशी लक्षणं दिसू लागली की पहिलं काम म्हणजे चालू प्रोजेक्ट दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणं. कार्ड गेल्याने डिस्क जात नाही, पण अर्ध्या कामात वारंवार मशीन बंद पडलं की फायली बिघडतात, आणि गिऱ्हाईकाच्या लग्नाचं फुटेज पुन्हा शूट करता येत नाही.

त्यानंतर मॉनिटरची मागची केबल पाहा. साफसफाईनंतर ती कार्डाऐवजी मदरबोर्डच्या सॉकेटला लागण्याचं प्रमाण खूप आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ असतो त्याला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे तिथे केबल लावली की डिस्प्ले येतच नाही आणि बिचाऱ्या कार्डावर आळ येतो. मग प्लग काढून, चालूचं बटण काही क्षण दाबून धरून उरलेली वीज जाऊ द्या आणि कार्ड काढून परत बसवा. स्लॉटच्या टोकाला एक चिमटा असतो. तो सोडल्याशिवाय कार्ड ओढलं तर स्लॉट तुटतो. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, भुगा झटका. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत या पट्ट्या पटकन मळतात. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. मोठी कार्डं वजनाने खाली वाकतात, त्यांना खालून टेकू द्या. वाकलेल्या कार्डाची पाटी (सर्किट बोर्ड) त्या चिमट्याजवळच चिरू शकते.

ड्रायव्हर बदलायचा तर सेफ मोडमध्ये जाऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ या मोफत प्रोग्रामने जुना मुळासकट काढा, मग कंपनीच्या साइटवरून नवा टाका. नुकत्याच झालेल्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर आधीची आवृत्ती टाकून पाहा. उष्णतेसाठी ‘एचडब्ल्यूइन्फो’ चालू ठेवून काम करा. जड कामात ऐंशीच्या आसपास तापमान चालतं. पण सरासरी तापमान आणि ‘हॉट स्पॉट’ (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) यांत पंचवीस-तीस अंशांचं अंतर पडलं तर थर्मल पेस्ट सुकली असण्याची शक्यता मोठी. उन्हाळ्यात अकोल्या-चंद्रपूरकडे खोलीच चाळीशीत असते, तिथे कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नये. रॅम खराब असली तरी मशीन असंच हँग होतं, म्हणून ‘मेमटेस्ट८६’ एक रात्र चालवून घ्या. या सगळ्यात एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदल एकदम केले आणि मशीन सुरळीत झालं, तर कशाने झालं ते कधीच कळत नाही, आणि तोच त्रास महिन्याने परत येतो.

विजेचं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे तिकडे कोणी बघत नाही. दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच देतो. त्यावर मोठं कार्ड लावलं तर लाइट गेल्याक्षणी यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग बहुधा नीट नाही. आधी वायरमनला बोलवा, कार्डाचं नंतर पाहा.

माझं कार्ड खरोखर गेलं तेव्हा एकाने ते हीट गनने ‘बसवून’ देण्याची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं. या उपायाला एक इतिहास आहे. जुलै २००८ मध्ये एन्व्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या बिघाडापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. कारण होतं चिपच्या जोडणीतल्या साहित्याचा कमकुवतपणा. त्या सुमारास चिप तापवून, अगदी घरच्या ओव्हनमध्ये भाजून, कार्ड जिवंत करण्याचे प्रयोग पसरले. तापवल्याने तुटलेला संपर्क काही दिवस जुळतो आणि परत तुटतो. शिशाविरहित डाग (सोल्डर) सुमारे २१७ अंशांना वितळतो. तेवढ्या उष्णतेत कपॅसिटर फुटू शकतात आणि ज्या ओव्हनमध्ये आपण केक करतो त्यात विषारी धूर सुटू शकतो. मेमरीची नेमकी कोणती चिप गेली हे तपासून ती बदलून देणारे चांगले कारागीर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत आहेत. त्यांना आधी विचारा, काय बदलणार आणि किती दिवसांची हमी देणार. ‘गरम करून देतो’ असं उत्तर आलं तर कार्ड परत घ्या. आणि वॉरंटी बाकी असेल तर स्क्रूवरचं स्टिकर कोणालाही काढू देऊ नका. आपल्याकडे बहुतेक नव्या कार्डांना तीन वर्षांची वॉरंटी असते, बिल जपून ठेवलं तर ती खरंच मिळते.

जुनं कार्ड विकत घेणाऱ्यांनी दुप्पट सावध राहावं. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टोचलनाने कार्डांवरचं मायनिंग थांबवलं आणि रात्रंदिवस तापलेली कार्डं जगभर जुन्या बाजारात आली. शिवाय काही कार्डांच्या स्वतःच्या बायोसमध्ये फेरफार करून जुनाट कार्ड नव्या नावाने विकलं जातं. ‘जीपीयू-झेड’ उघडलं की अशी अनेक कार्डं ‘फेक’ म्हणून पकडली जातात. विक्रेत्यासमोर बायोसचा पडदा पाहा, वीस मिनिटं जड काम लावा, आणि मगच पैसे द्या.

दुकानात ‘कार्ड गेलं’ असं सांगितलं तर एकच मागणी करा: माझं कार्ड दुसऱ्या चालत्या मशीनला लावून दाखवा आणि दुसरं चालतं कार्ड माझ्या मशीनला. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. हे करायला जो नकार देतो, त्याच्याकडून नवीन कार्ड घेऊ नका.